हारवाले शुभेच्छुक

“शुभेच्छुकांचे फोटो आनले का आजोबा?” ‘दैनिक मोर्णाकाठ’च्या जाहिरात खिडकीवर बसलेल्या रूपालीने विचारले.

“शुभेच्छुक म्हंजे?”

“वाढदिवस तुमचा ना? मंग शुभेच्छा कोन देऊन रायलं? जाहिरातीत खाली सहा गोल असतात. त्याच्यात फोटो लागतात.”

खुशालराव गावंड्यांनी फक्त स्वतःचा फोटो आणला होता. तो त्यांनी खिडकीतून थोडा पुढे सरकवला.

“गोल नसले तर नाई जमत?”

“जमते. पन लोक हासतात. मानसानं सोताच सोताले शुभेच्छा देल्या असं दिसते.”

नेमके तसेच होते.

याच दैनिकात उपसंपादक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती, पण आता खिडकीपलीकडे त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. पत्नी वच्छला गेली, लेक करिश्मा पुण्यात, आणि अकोल्यातले घर संध्याकाळी इतके शांत की फ्रिज सुरू झाला तरी सोबत वाटे. मागच्या वाढदिवसाला दोनच शुभेच्छा आल्या, एक बँकेची आणि एक चष्म्याच्या दुकानाची. याउलट शेजारचा जीवन, जो वॉर्डातला होतकरू पुढारी होता, त्याची दरवर्षी जाहिरात येई आणि दिवसभर दारात रीघ लागे. खुशालरावांनी यावरून सरळ हिशेब मांडला, की जाहिरात आली म्हणजे माणसे येतात. यंदा पंचाहत्तरावा होता आणि त्यांना घरात माणसे हवी होती.

“मित्र असतीन ना कोनी?” रूपालीला दया आली.

“हायेत ना! सारे याच पेपरातले. तुमच्या मागच्या खोलीत फोटो हायेत त्यायचे.”

‘हायेत’ हे फक्त फोटोंच्या बाबतीत खरे होते. कंपोझिटर उत्तमराव, मशीनवरचे जानराव आणि आणखी तिघे, असे पाच जण केव्हाच देवाघरी गेले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती. पण विचारले असते तर एकानेही नाही म्हटले नसते, याबद्दल खुशालरावांना शंका नव्हती. सहावे केशवराव तायडे जिवंत होते आणि अमरावतीला राहत होते. त्यांना विचारणे शक्य होते, पण त्यांच्याशी बोलणे बंद होते.

भांडण दैनिकाच्या इतिहासावरून झाले होते. ‘मोर्णाकाठ’ जुन्या शहरात एका बंद तेलघाण्याच्या टिनाखाली, पायाने चालवायच्या मशीनवर सुरू झाला. दर्यापूरचे गठ्ठे एसटीच्या टपावरून जात. एके वर्षी मोर्णा नदीचा पूर छापखान्यात शिरला. त्या दिवशीचा अंक निघाला की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्या दिवसाची प्रत कुठल्याच फायलीत नव्हती. दैनिकाच्या सुवर्णमहोत्सवात खुशालरावांनी भाषणात ठणकावून सांगितले, “पुरातही आम्ही अंक काढला!” समोरच्या रांगेतून केशवराव उठले. “साफ खोटं हाये! अंक नाई निघाला!” भर सभेत दोघांची जुंपली. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, आणि खुशालरावांना त्यांच्याइतकी आठवण दुसऱ्या कोणाची येत नव्हती. सहाव्या गोलात आपला फोटो पाहून केशवराव फोन करतील, निदान शिव्या द्यायला तरी करतील, अशी त्यांना आशा होती.

वाढदिवसाच्या दिवशी खुशालरावांनी मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या, पेढे काढून ठेवले आणि नवा सदरा घालून अंक उघडला. वर ते स्वतः हसत होते. खाली सहा शुभेच्छुक होते, आणि सहाच्या सहा जणांच्या गळ्यात चंदनाचे हार होते.

त्यांनी ताबडतोब फोन लावला. “बाई, हे हार कुठून आले?”

“फ्रेमीलेच होते ना आजोबा. आमी जसेच्या तसे स्कॅन केले.”

“पन केशवरावचा तर हार नव्हता! थो जित्ता हाये!”

“थेच ना! पाच जनायले हार अन एकाले नाई, तर थे बरं दिसेना. डिझायनर म्हने भेदभाव वाटते. मंग त्यानं कम्प्युटरवर एक लावून देला.” मग रूपालीच्या लक्षात आले. “म्हंजे बाकीचे पाच...?”

खुशालरावांनी फोन ठेवला.

त्यानंतर ते दाराकडे तोंड करून बसले. कोणी आले नाही. चहाचे आधण दोनदा ठेवून दोनदा उतरवले. खुर्च्या फार ओळीत वाटल्या म्हणून थोड्या वाकड्या करून पाहिल्या, तरी त्या रिकाम्याच दिसत होत्या. रिकाम्या खुर्च्या भाड्याने आणायची आपल्याला काय गरज होती, असे त्यांच्या मनात आले. घरात रिकाम्या खुर्च्या आधीच भरपूर होत्या.

अखेर जीवन डोकावला. “काका, तुमी अजून अठीच?”

“मंग कुठं जाऊ?”

“तुमचे जुने पेपरवाले, त्यायच्या घरचे, सारे सकाळीच जीप करून अमरावतीले गेले. केशवकाका गेले ना! सगळ्यायच्या मोबाइलवर तुमची जाहिरात फिरून रायली. पाच गेलेले तर सगळ्यायले माहीतच होते. सहाव्याले हार दिसला, म्हंजे थेबी गेले.”

“अबे, थो हार खोटा हाये!”

“हार खोटा कसा असन काका? पेपरात हाये ना.”

खुशालरावांनी केशवरावांना फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला, तरी तेच. हार कम्प्युटरवरचा होता हे खरे, पण जीप भरून गेलेली माणसे तर खरी होती. फोन न उचलणारा केशवरावही खराच होता. इतकी वर्षे आपण एका दिवसाच्या अंकावरून अबोला धरला आणि हा माणूस खरेच गेला असला तर? पायात चपला सरकवून त्यांनी घराला कुलूप लावले आणि अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूर येईस्तोवर त्यांनी केशवरावांची माफी मनातल्या मनात निरनिराळ्या शब्दांत मागून घेतली.

राजापेठेत केशवरावांच्या दाराशी चपलांचा ढीग होता. खुशालराव चपला न काढताच आत शिरले.

केशवराव दिवाणावर मांडी घालून बशीतून चहा पीत होते.

“ये,” ते म्हणाले. “तुईच कमी होती.”

खुशालरावांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. “लेका, फोन कावून नाई उचलला?”

“मेलेल्या मानसानं फोन उचलला तर समोरचा चक्कर येऊन पडन ना! म्हतलं, येऊ दे घरी, मंग पायतीन.”

घर माणसांनी गच्च भरले होते. रडवेल्या चेहऱ्याने यायचे, केशवरावांना पाहून दचकायचे, मग हसायचे, आणि आलोच आहोत तर चहा घेऊन जाऊ म्हणून बसायचे, असे सकाळपासून चालले होते. उत्तमरावांच्या माणिकबाई नवऱ्याचा हारवाला फोटो सगळ्यांना कौतुकाने दाखवत होत्या. जानरावांचा मुलगा प्रीतम मोठ्या रंगात येऊन सांगत होता, “माये बाबा नेहमी सांगत, पुराच्या दिवशी केशवकाकानं डोक्यावर गठ्ठे घेतले अन कंबरभर पान्यातून घरोघरी अंक वाटला!”

खुशालरावांनी केशवरावांकडे पाहिले. केशवराव बशीत पाहत होते.

“छातीभर,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“पानी. छातीभर होतं.”

“म्हंजे अंक निघाला होता?”

“निघाला असन. सकाळपासून इतके लोक सांगून रायले, थे काय खोटं बोलतीन?”

खुशालरावांचा इतिहास अखेर मान्य झाला होता. फक्त त्यात आता खुशालराव कुठे नव्हते. एरवी त्यांनी तिथेच सभा भरवली असती. आज त्यांनी मान डोलावली आणि केशवरावांच्या शेजारी दिवाणावर बसले.

दिवस कलला तशी माणसे पांगली. माणिकबाईंना जाता जाता आठवले, “अवो, तुमचा तर वाढदिवस होता ना भाऊजी?” असे म्हणून त्यांनी राहिलेले बिस्किट खुशालरावांच्या हातात दिले. शेवटची चप्पल गेल्यावर घर एकदम मोठे वाटू लागले. केशवरावांचा मुलगा हैदराबादला असतो, हे खुशालरावांना ठाऊक होते. पण ते म्हणजे काय, हे त्यांना आत्ता दिसले. ओट्यावर रोजच्या वापराचा एकच पेला होता.

“चार वर्षात पयल्यांदा साखर संपली,” केशवराव म्हणाले.

तेवढ्यात खुशालरावांचा फोन वाजला. रूपाली होती. “आजोबा, लई मोठी चूक झाली. साहेब म्हनतात, उद्याच्या अंकात ठळक खुलासा छापून टाकतो, की केशवराव तायडे जिवंत हायेत.”

“छाप बाई, लवकर छा...”

केशवरावांनी फोन हिसकावला. “खबरदार छापलं तर! परतवाड्याचे लोक अजून यायचे हायेत.”

“अवो पन आजोबा, मंग खुलासा कदी छापू?”

केशवरावांनी फोनवर तळहात ठेवला आणि विचारले, “तू किती दिवस हायेस?”

“मी कपडे नाई आनले.”

“माये हायेत ना.”

खुशालरावांनी दाराकडे पाहिले, मग होकारार्थी मान हलवली. केशवरावांनी फोन पुन्हा कानाला लावला.

“पुढच्या आठोड्यात पाहू,” ते म्हणाले.