नळीत कुणाची थुंकी

विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाकडून चमचाभर थुंकी मागितली, तेव्हा बाकीच्या मुली मुकाट नळ्या भरून मोकळ्या झाल्या. एकटी ती अडून बसली. मैत्रिणी तिला शंकासूर म्हणत, ते काही उगाच नाही.

"याचं करणार काय तुम्ही?" तिने खिडकीपलीकडच्या नमुनेवाल्याला विचारलं.

"जपून ठेवणार." त्याचा आवाज इतका हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलं की त्याच्यामागच्या फ्रीझरची गार हवा तोंडावर येई.

"किती दिवस?"

"तुमच्यानंतरही."

हात धुण्याच्या निमित्ताने ती नळी घेऊन सटकली आणि जिना पुसणाऱ्या मावशींपुढे ती धरली. मावशी मोठ्या मनाच्या. "एवढंच होय? आण इकडे," म्हणत त्यांनी नळी काठोकाठ भरून दिली.

दोन वर्षं कुणी काही विचारलं नाही. मधल्या काळात तिचं वर्गातल्या जाड चष्म्याच्या ढापण्याशी जुळलं, दोन्ही घरांनी फोनवरच होकार दिला, लग्नाची तारीखही ठरली. आणि त्याच आठवड्यात दोन्ही घरी विद्यापीठाची पत्रं जाऊन थडकली. मजकूर एकच: 'आपल्या अपत्याचं जुळं भावंड आमच्याकडेच शिकत आहे. अभिनंदन.'

"शोधायला सांगितलं कुणी यांना?" ती म्हणाली. "आणि ती माझी थुंकी नव्हतीच! जिन्यातल्या मावशींची होती."

ढापण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझीही."

"तू कशाला दिलीस त्यांची?"

"मला चारचौघांत थुंकता येत नाही गं."

तिसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं पहिल्यांदाच समोरासमोर आली, ती नमुनेवाल्याच्या खोलीत. ढापण्याचे वडील दारातूनच गरजत आले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही! पुन्हा तपासा! सगळ्यांना तपासा!" त्यांच्या मागे ढापण्याची आई मान डोलावत होती. तिचे वडील नुसताच घाम पुसत होते.

तिने सगळं कबूल केलं. एकच हशा पिकला. तिच्या वडिलांना तर हसता हसता ठसका लागला. नमुनेवाला तेवढा हसला नाही.

"म्हणजे जुळी नाहीत," तो म्हणाला. "पण शंका एकदा नोंदली गेली की दोघांचे आणि चारही पालकांचे ताजे नमुने घ्यावे लागतात. नियम आहे."

"घ्या की! दहा नळ्या आणा!" ढापण्याचे वडील कडाडले.

तेवढ्यात, गुडघ्यांमुळे जिना सावकाश चढत, तिची आई दारात आली.

ढापण्याच्या वडिलांचा पुढचा शब्द तोंडातच राहिला. तिच्या आईने दाराची चौकट धरली.

नळ्या आल्या. "मला... थुंकी येत नाहीये," ढापण्याचे वडील म्हणाले.

"मलाही," तिची आई म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, आणि ते न बघणं फार काळजीपूर्वक चाललं होतं.

"अहो, आत्ता दहा नळ्या म्हणालात ना!" तिचे वडील बुचकळ्यात पडले.

"माणसाला काही खासगी असतं की नाही?" ढापण्याचे वडील उसळले. " थुंकी म्हणजे काय सार्वजनिक मालमत्ता आहे?"

"सक्ती नाही," नमुनेवाला मऊपणे म्हणाला. "घसे कोरडे पडले असतील. पाणी घ्या."

सहा पेले आले. सगळ्यांनी घटाघटा संपवले. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग तिचं लक्ष गेलं. नमुनेवाल्याने हातमोजे चढवले होते. एकेक पेला बुडाशी धरून तो वेगवेगळ्या पिशवीत ठेवत होता, आणि प्रत्येक पिशवीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होता. घाई अजिबात नव्हती.

"आठ दिवस लागतील," तो पुटपुटला. "पत्र घरपोच येईल."

जरा धीर यावा म्हणून तिने ढापण्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तो टक लावून तिच्या कानांकडे बघू लागला.

तीही मग त्याचे कान निरखू लागली.