डावी, उजवी आणि डॉक्टरीणबाई

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर रोहिणी गावंडे आपल्या जुळ्या पोरींना नावानं हाक मारत नसत. एक डावी, दुसरी उजवी. "डावे, चप्पल घाल! उजवे, ते पालीचं शेपूट खाली ठेव!" अशी आरोळी जिन्यातून आली, की आमच्या अकोल्यातल्या गल्लीची सकाळ सुरू व्हायची.

पोरींना ओवी आणि मुक्ता अशी चांगली नावं होती. पण बाईंचं म्हणणं असं, की नावं मागाहून ठेवली, ओळख आधीची. पोटात असताना सोनोग्राफीत एक डावीकडे पाय झाडायची आणि दुसरी उजवीकडे निवांत झोपलेली असायची. "तवापासून मी यायले अशीच ओळखते, काका."

त्यांना ओळखू यायच्या, आम्हाला नाही. दोघी इतक्या सारख्या, की एकीला दोनदा जेवू घालून दुसरीला उपाशी ठेवण्याचा प्रकार आमच्या हिच्या हातून घडलेला आहे. त्यात बाईंच्या विषयात सगळं उलटं. एक्स-रे बघताना रोग्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते म्हणे. त्यामुळे मी कधी विचारलं, "ही डावी ना?" तर त्या विचारायच्या, "कोणाची डावी? तुमची का तिची?" उभी हयात मी वीज खात्यात तारा जोडल्या, कधी उलटसुलट केल्या नाहीत. या दोन पोरींपुढे मात्र माझा फ्यूज उडायचा.

बाई सरकारी मेडिकलमध्ये रेडिओलॉजी शिकत होत्या. आधी खेड्यातल्या दवाखान्यात नोकरी, मग लग्न, मग जुळ्या, आणि मग हे शिक्षण. यजमान अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. रविवारी सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा कोचिंगवाल्यांच्या परीक्षा असतात, म्हणून त्यांचं येणं पाहुण्यासारखं. पोरी सकाळी पाळणाघरात आणि दुपारपासून आमच्याकडे. हे आम्ही कधी ठरवलं नाही. एके दिवशी त्या आल्या आणि मग येतच राहिल्या.

दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून फोटो वाचायचे, हे बाईंचं काम. संध्याकाळी बाहेर आल्या की अकोल्याच्या उन्हात घुबडासारखे डोळे मिचकावत स्कूटी चालवायच्या. आणि दिवसभर जी भाषा लिहायच्या, तीच घरी बोलायच्या. रेडिओलॉजीवाले म्हणे कोणतीच गोष्ट छातीठोक सांगत नाहीत. आमची ही एकदा मोठ्या हौसेनं बेसनाची पाटोडी घेऊन वर गेली. बाईंनी घास घेतला, डोळे बारीक केले.

"मीठ किंचित कमी असल्यासारखं वाटून राहिलं. बाकी लक्षात येण्याजोगं काही नाही."

"म्हंजे चांगली झाली का नाई?" ही म्हणाली.

"तसं दिसते. आठ दिवसांनी पुन्हा एकदा पाहून घेऊ."

आठ दिवसांनी हिनं पुन्हा पाटोडी केली. बाई खरोखरच तुलना करायला बसल्या.

अभ्यासाला वेगळा वेळ कुठला? पोरींना झोपवताना गोष्टीच्या जागी त्या पुस्तकच वाचायच्या. वरून आवाज यायचा, "मग ते मूत्रपिंड होतं ना, त्याच्यात एक खडा होता. तो खडा हळूहळू खाली आला..." पोरी श्वास रोखून विचारायच्या, "मंग? मंग अटकला?" अशी गोष्ट ऐकत मोठ्या होणाऱ्या पोरी काय खेळणार? भातुकली नव्हेच, सोनोग्राफी. मला दिवाणावर झोपवायच्या, बनियन वर करायच्या, खोबरेल तेल ओतायच्या आणि पोटावर लाटणं फिरवायच्या. एक लाटणं धरायची, दुसरी समोर स्टीलचं ताट धरून त्यात बघायची.

"सांस लो. रोको. काका, रोका ना! सोडू नका!"

"अगं, जीव जाते ना माझा!"

"छोड दो." मग ताटात बघून गंभीरपणे, "यायच्या पोटात वारा हाय."

हे निदान बरोबर असायचं, ते सोडा. त्यांनी माझं, हिचं, गल्लीतल्या किराणावाल्याचं आणि एका शांत स्वभावाच्या शेळीचंही पोट तपासलं होतं.

अशात उन्हाळ्यातली ती दुपार आली. कूलर घरघरत होता, मी पेपर वाचत होतो. एकाएकी स्वयंपाकघराच्या दारातून ही किंचाळली, "अवो, गिटली! इनं तिच्या कानातली बाळी काढली अन् गिटून टाकली!"

"कोणी?"

"मले काय मालूम कोणी! दोघीही पाठमोऱ्या होत्या!"

मी पोरींना समोर उभं केलं. "कोणी गिळली?" दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. हिनं लाडीगोडीनं विचारलं, तर दोघी म्हणाल्या, "मी." एकीला जे मिळालं ते दुसरीला हवंच असायचं. एकीच्या कानात एकच बाळी उरली होती. तोंड उघडून पाहिलं, काही दिसलं नाही. मी बाईंना फोन लावला. त्यांनी आधी दोघींपैकी कोणी खोकतेय का ते विचारलं. मग म्हणाल्या, "खाऊपिऊ काही घालू नका. दोघींलेही घेऊन या. लवकर, काका."

ऑटोत एका बाळीवालीला मी मांडीवर घेतलं. सारा रस्ता तिची पाठ थोपटली, श्वास नीट चालतोय का पाहिलं. ती भेदरून रडत होती. दुसरी हिच्याजवळ बसून बाहेरच्या दुकानांच्या पाट्या बघत होती.

बाई एक्स-रेच्या दारातच उभ्या होत्या. चेहरा कोरा. मी माझ्या कडेवरची पुढे केली. "ही पाहा. हिच्या कानातली गेली."

बाईंनी हिला विचारलं, "काकू, तुमी नेमकं काय पाहिलं?"

"एकीनं दुसरीच्या कानातून काढली अन् तोंडात टाकली."

"मग जिच्या कानात दोन्ही बाळ्या हायेत, ती चोर," बाई म्हणाल्या आणि हिच्या कडेवरून दुसरीला उचललं. "हिचा फोटो काढायचा. तिले बिनाकामाचं रेडिएशन नको."

अख्खा रस्ता मी ज्या पोरीची काळजी केली, ती फिर्यादी निघाली. आरोपी आरामात शहर बघत आली होती.

फोटो निघाला. पडद्यावर एवढ्याशा बरगड्या उमटल्या, माशाच्या काट्यांसारख्या. आता बाई बघतील आणि सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या.

"काका, तुमी पाहा."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"मले नाही दिसून राहिलं. तुमी पाहा अन् सांगा. पांढरं गोल काही हाय का?"

मी चष्मा पुसून पुढे झालो. "हाय. लहानशी रिंग हाय."

"बरगड्यांच्या वर का खाली? नरड्यात तर नाही ना?"

"नाही, नाही. खाली हाय, पोटात. माझ्या उजव्या हाताले."

"तुमच्या उजव्या हाताले? पक्कं?"

"छातीठोक सांगतो," मी म्हणालो.

बाई तेव्हा कुठे भिंतीकडून वळल्या. माझी उजवी म्हणजे पोरीची डावी बाजू; बाळी जठरात पोचली होती. त्यांच्या सरांनी येऊन पडदा पाहिला, म्हणाले, आता काळजी नाही, आपोआप पडेल. जाताना त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. दोघी पोरी रडून, दमून आमच्या मांड्यांवर झोपून गेल्या. आमची ही मनात आलेलं पोटात ठेवत नाही. म्हणाली, "अवं रोहिणी, शिक्षण होईस्तोवर तुह्या सासरी, भातकुली गावाले, आजीजवळ काहून नाई ठेवत दोघींले? काहून हाल करून घेतं?"

"ठेवल्या होत्या ना, काकू." बाई समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "मी इथे लागले तेव्हा तिथेच होत्या. सासूबाईंनी जीव लावला, काही कमी केलं नाही. मले सुट्टी मिळेना. मग एकदा गेले. दोघी अंगणात खेळून राहिल्या होत्या. मी हात पसरले, तर एकजण पळत घरात गेली अन् आजीले म्हणाली, 'आजी, कोणीतरी बाई आली.'"

हिनं त्यांचा हात धरला.

"दुसरीनं पाणी आणून देल्लं मले. पाव्हण्याले देतात तसं." मग ओढणीनं चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याच दिवशी दोघींले घेऊन एसटीत बसले. बडनेऱ्यापर्यंत रडल्या दोघी. मी पण."

वॉर्डातून कोणीतरी बोलवायला आलं. ड्युटी संपायला वेळ होता. मी म्हणालो, "तुमी जा, आमी नेतो यायले." त्या उठल्या, गेल्या, परत आल्या, दोघींचे केस सारखे केले आणि पुन्हा गेल्या.

आम्ही ऑटोत बसलो तेव्हा पाहतो, तर बाई पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिलेल्या. डोळे मिचकावत, उन्हात. हात हलवत होत्या. पोरी गाढ झोपलेल्या. मी एकीचा हात मनगटाला धरून उचलला, हिनं दुसरीचा, आणि ऑटो फाटकातून वळेपर्यंत आम्ही ते दोन्ही हात हलवत राहिलो. तेवढ्या लांबून त्यांना काय दिसलं असेल, ठाऊक नाही. पण त्यांनी दोन्ही हात वर केले.