जनाकाकांचे खोल ड्रॉवर

"तोंड फिरव."

भिवंडीत टेमघरला जनाकाकांचं वर्कशॉप आहे, तिथे जो कोणी येतो त्याला हे ऐकावंच लागतं. पॉवरलूमचा मोडका गिअर घेऊन आलेला कारखानदार असो, गोदामातल्या ट्रॉलीचं चाक घेऊन आलेला हमाल असो, नाहीतर मी, त्यांची सख्खी पुतणी. काका कपाटापाशी जातात, ड्रॉवरच्या हँडलवर हात ठेवतात आणि थांबतात. आपण भिंतीकडे वळेपर्यंत ड्रॉवर उघडत नाही. भिंतीवर सुताला खळ लावणाऱ्या कुठल्या तरी साईझिंगवाल्याचं जुनं कॅलेंडर आहे. टेमघरातल्या बऱ्याच लोकांना त्यातला तो एकच महिना तोंडपाठ आहे.

मग मागून आवाज येतात. आधी ड्रॉवर किंचाळतो. मग लोखंडावर लोखंड घासतं, काहीतरी खोल पडतं, काका स्वतःशीच पुटपुटतात, "हाय आत. जाणार कुठं?" पुन्हा खडखडाट. कधी कधी इतका वेळ जातो की गिऱ्हाईक भिंतीशीच बोलायला लागतं.

एकदा एका लूमवाल्या शेठने तसंच भिंतीकडे बघत विचारलं, "जना, अंदर सोना रखा है क्या?"

"पाने हायत."

"तो दिखाने में क्या जाता है?"

"पान्यात काय बघायचं? पाना पान्यासारखाच असतो."

आम्ही राहतो त्या कोन गावात जमिनी गोदामांना विकून पैसा आल्यापासून कुणाकडे काय असेल याचा नेम नाही, म्हणून लोक काकांच्या कपाटाबद्दल काहीही बोलतात. समोरचा चहावाला म्हणतो, बाटली आहे. काकी म्हणते, "बाटली असती तर वासाने कळली असती. नुसता पसारा असणार. या माणसाला लाज वाटते, दुसरं काय." तिचं बरोबर होतं, पण अर्धंच.

मला मात्र त्या 'तोंड फिरव'चाच त्रास व्हायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे मी आधीच जपून बोलते, घरातलं एखादं 'न्हाय' तोंडातून निसटलं तर दिवसभर तेच आठवत राहतं. अशात एकदा वर्गातल्या मैत्रिणीच्या स्कूटीचा बोल्ट पडला आणि मी मोठ्या तोऱ्यात तिला काकांकडे नेलं. काकांनी तिलाही सांगितलं, "पोरी, तोंड फिरव." दुसऱ्या दिवशी तिने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "तुझे काका आत कपडे बदलतात का गं?" सगळे हसले. मी डब्यातली भाजी चमच्याने इकडून तिकडे करत बसले.

काकांचं काम तसं चांगलं आहे. फक्त वेळ फार लागतो. पाच मिनिटं दुरुस्तीची आणि अर्धा तास पाना शोधण्याचा. शिवाय शाफ्टवर घट्ट बसलेला बेअरिंग काढायचा असला की काका हातोडीने ठोकत बसतात. इतर मिस्त्री त्यासाठी पुलर वापरतात. पुलर म्हणजे तीन पायांचं एक अवजार. पाय बेअरिंगला अडकवायचे, मधला स्क्रू फिरवायचा, बेअरिंग आपोआप बाहेर येतो. गिऱ्हाईक म्हणायचे, "पुलर घ्या की एखादा." त्यावर काका पूर्वी म्हणायचे, "व्हता. चोरीला गेला." गेली काही वर्षं नुसतंच "न्हाय" म्हणतात. सांगून सांगून कंटाळले असतील, असं मला वाटायचं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत काका असेच ड्रॉवरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होते. खाली करवतीचं पातं उभं पडलं होतं. उजव्या तळव्याला टाके पडले. काकीने मला बोलावून घेतलं आणि काकांच्या देखत सांगितलं, "हे कपाट नीट करून दे. शिकतेस ना तू? नाहीतर मी भंगारवाल्याला हाक मारते."

काका म्हणाले, "भंगारवाल्याला तोंड फिरवायला लावीन."

"तो तुमचं कपाटच फिरवून नेईल," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. सवयीने भिंतीकडे वळले. काका डाव्या हाताने ड्रॉवर ओढत राहिले. तो अडकला होता. बऱ्याच वेळाने पडेल आवाजात म्हणाले, "फिर इकडं. पण कुणाला सांगू नको."

मला वाटलं सामान बाहेर दुकानासमोर ताडपत्रीवर काढू, उजेड चांगला आहे. काका एकदम म्हणाले, "रस्त्यावर न्हाय." मग त्यांनी शटर अर्धं खाली घेतलं.

ते कपाट काकांनी एका गोदामाचं ऑफिस उठलं तेव्हा आणलं होतं. फायली ठेवायचं चार ड्रॉवरचं लोखंडी कपाट, प्रत्येक ड्रॉवर माझ्या कोपरापर्यंत खोल. ते घेताना काका खूश झाले होते म्हणे, केवढं सामान मावेल. मावलं खरंच. एकावर एक मावत गेलं. वरचं तेवढं दिसायचं, खालचं नसल्यासारखं. खालची पक्कड सापडली नाही की काका नवीन आणायचे, ती वर पडायची, तिच्यावर मशीनचा पट्टा, पट्ट्यावर चिंध्या, की पुन्हा नवीन पक्कड.

मी एकेक वस्तू काढून पोत्यावर मांडत गेले. पकडींची नुसती रांग लागली, सगळ्या लाल मुठीच्या. काका त्यांच्याकडे बघत नव्हते.

"काका, या सगळ्या..."

"दुकानदार ओळखीचा हाय," ते म्हणाले. जणू त्याच्या भल्यासाठीच घेतल्या होत्या.

दुसऱ्या ड्रॉवरच्या तळाशी काकीची सांडशी निघाली. गरम बेअरिंग धरायला नेली असणार. काकी तेव्हापासून चहाचं पातेलं पदराने उतरवते आणि सांडशी शेजारणीने नेली म्हणून तिच्याशी तुटक बोलते. काकांनी सांडशी हातात घेऊन पुन्हा खाली ठेवली. "तिला सांगू नको," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "शेजारणीला काय सांगायचं ते बघू."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. मोठ्या माणसाला आपल्यासमोर असं ओशाळलेलं बघताना आपण कुठे बघायचं, ते मला कधीच कळत नाही. मी ड्रॉवरच्या आत बघत राहिले.

त्यामुळेच मला त्या पट्ट्या दिसल्या. प्रत्येक ड्रॉवरच्या दोन्ही कडांना, वरच्या बाजूला, आतून एकेक लोखंडी पट्टी होती. फायली टांगण्यासाठी असते तशी. कॉलेजच्या ऑफिसात मी पाहिली होती, दाखल्यासाठी ताटकळत उभी असताना. काकांनी त्यांवर जुने पट्टे लटकवले होते. मी भीतभीतच म्हटलं, "यावर ट्रे बसेल का? ड्रॉवरच्या अर्ध्याच लांबीचा. पुढे-मागे सरकवला की खालचंही दिसेल."

काका बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "बसंल," म्हणाले.

शेजारच्या सुताराकडून प्लायचे तुकडे आणले. कडेला पट्टी ठोकून उथळ ट्रे केले, ते त्या लोखंडी पट्ट्यांवर सरकायला लागले. रोज लागणारं ट्रेमध्ये, एका थरात, काहीच कशावर नाही. खालच्या अर्ध्या भागात प्लायच्याच आडव्या फळ्या घालून कप्पे केले आणि मोठे पाने फायलींसारखे उभे ठेवले. कानशी आणि लांब पेचकस प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यांत उभे राहिले. जड हातोड्या मागे घातल्या नाहीत, कारण मागे गेलेलं पुन्हा हरवतं. काका ट्रे पुढे सरकवायचे, मागे सरकवायचे, पुन्हा पुढे. "दिसतंय की सगळं," ते म्हणाले. त्यात आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता.

तीन ड्रॉवर झाले. सगळ्यात खालचा राहिला.

"तो राहू दे."

"एकच तर आहे, काका."

"त्यात काय न्हाय."

"मग रिकामाच आहे. जास्तीच्या पकडी..."

"तोंड फिरव."

मी वळले. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांना तो ओढता येत नव्हता. कपाट हललं, पुन्हा हललं. मग आवाज थांबला आणि ते म्हणाले, "ओढ बाबा तूच."

आत फारसं काही नव्हतंच. एक मऊ, धुतलेलं फडकं, आणि त्यात पुलर. तीन पायांचा. कुठे गंजाचा ठिपका नाही, स्क्रूला ताजं तेल.

मला मुनव्वर मिस्त्री आठवले. मी शाळेत होते तेव्हा ते काकांबरोबर काम करायचे. काका त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते काकांना जनाभाई. पुलर हरवला आणि मिस्त्री गेले, एवढंच घरात बोललं गेलं होतं. बाकीचं काकांनी त्या दिवशी सांगितलं, कपाटाकडे बघत.

"शुक्रवार व्हता. सुट्टी, लूम बंद. गल्लीत सगळी मानसं. मी म्हटलं, मिस्त्री, पिशवी दाखव. तो म्हणला, जनाभाई, यहाँ? मी म्हटलं, हितंच. त्याने पिशवी रस्त्यावर उलटी केली. डबा पडला. चष्मा पडला. पोरीसाठी घेतलेल्या बांगड्या पडल्या, काही फुटल्या. पुलर न्हाय. त्याने सगळं भरलं आन् गेला."

"आणि हा?"

"त्याच पावसाळ्यात सापडला. हितंच, तळाला, पट्ट्याखाली." मग हळूच, "मी म्हणतो ना रोज, जाणार कुठं. तेवढं त्या दिवशी तोंडातून आलं न्हाय."

गल्लीतला प्रत्येक माणूस तो पुलर ओळखत होता. ड्रॉवर कुणासमोर उघडला असता आणि तो दिसला असता, तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून ती भिंत, ते कॅलेंडर. म्हणून ड्रॉवरमध्ये पुलर असताना हातोडीने ठोकणं.

मी नको तिथे हात घातला असं मला वाटलं. काकीवर राग आला, स्वतःवर जास्त. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हा कुठे ठेवू?"

"खालीच ठेव. मागं."

"काका, मागे काहीच ठेवायचं नाही असं ठरलंय आपलं," मी म्हटलं. म्हणताच वाटलं, म्हणायला नको होतं.

त्यांनी पुलर पुन्हा फडक्यात गुंडाळला. शटर पूर्ण खाली करून आम्ही घरी आलो. रात्री जेवताना त्यांनी काकीच्या ताटाजवळ सांडशी ठेवली. काकीने सांडशीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्याच सांडशीने भाताचं पातेलं पुढे ओढलं. मग काकांनी पुलरचंही सांगितलं.

काकी म्हणाली, "उद्या जाऊन या. सकाळी जा, लूम चालू असतात, खडखडाटात कुणाला ऐकू जाणार नाही."

"शुक्रवारी जाईन," काका म्हणाले. "तेव्हा शुक्रवार व्हता."

शुक्रवारी ते मला सोबत घेऊन गेले, हात दुखतो म्हणून, असं म्हणाले. पिशवी मात्र त्यांनीच धरली. मुनव्वर मिस्त्रींचं दुकान नाल्यापलीकडच्या गल्लीत आहे. लूम बंद असले की भिवंडीत कुणी खोकलं तरी चार घरं ऐकू जातं. लोक ओट्यांवर बसले होते. कुणीतरी म्हणालं, "अरे, ये तो तोंड-फिरव सेठ है," आणि हसणं झालं. मला वाटलं, परत जावं.

मिस्त्रींची दाढी पांढरी झाली होती. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कामाकडे पाहिलं. "क्या काम है?"

 काकांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून डाव्या हाताने पिशवी उलटी केली. डबा पडला आणि घरंगळत गेला. पाण्याची बाटली पडली. चष्म्याचं घर. लाल मुठीची पक्कड. शेवटी फडक्यातला पुलर पडला आणि फडकं सुटलं.

ओट्यांवरचं हसणं थांबलं. दोनचार जण बघायला जवळ आले.

"आतच व्हता," काका म्हणाले. "कवापासून."

मिस्त्री उठले. पुलरकडे बघत राहिले, मग काकांकडे. काकांची मान खाली होती, रिकामी पिशवी अजून हातात तशीच उलटी होती. गर्दी आणखी जवळ सरकली. मिस्त्रींनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "तोंड फिरवा रे सगळे."

कोणी हललं नाही.

"ऐकू येत न्हाय काय? तोंड फिरवा."

लोक वळले. मीही वळले. माझ्यासमोर गिलावा नसलेली भिंत होती आणि तिच्यात एक खिळा.

मागून आवाज आले. डबा उचलल्याचा. बाटलीचा. मग पुलरचा स्क्रू फिरवल्याचा, अगदी मऊ.

"तेल किसने डाला?" मिस्त्रींचा आवाज.

"मी."

"कब?"

"दर शुक्रवारी."

मग दुकानातून स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि "बैठो, जनाभाई." गल्लीत तेवढी माणसं होती, पण कोणी वळून पाहिलं नाही.