दहाव्याचे दामूकाका

आमच्याकडे कोणीही मेलं, की दहाव्या दिवशी नदीवर भाईसाहेबांचा जन्म व्हायचा. तो घडवून आणायचे दामूकाका.

आमच्याकडे म्हणजे मुरबाड आणि शहापूरच्या मधल्या पट्ट्यात. इथे दहाव्याला नुसते पिंड ठेवून भागत नाही. नदीकाठी मांडव लागतो, माईक लागतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतात, माजी सरपंच बोलतात, निवडणूक जवळ असली तर होऊ घातलेले सरपंचही बोलतात. जन्मभर भांडकुदळ म्हणून गाजलेला माणूस दहाव्याला हमखास मनमिळाऊ होतो. बोलणाऱ्यांची नावं पुकारण्याचं काम गावाने माझ्या गळ्यात मारलं, कारण मी शाळेत शिक्षक आणि माझा आवाज खणखणीत.

दामूकाका माईकवर गेले की त्यांची भाषा शुद्ध व्हायची. ‘कैलासवासी धोंडूशेठ हे थोर पुरुष होते,’ हे पहिलं वाक्य. ‘थोर पुरुष म्हटलं की आठवतात आमचे भाईसाहेब,’ हे दुसरं. तिथून धोंडूशेठ जे सुटायचे ते पुन्हा सापडायचे नाहीत. एका गरीब गेटमनच्या पोटी भाईसाहेब जन्माला यायचे, अनवाणी शाळेत जायचे, आंदोलनात तुरुंगात पडायचे, निवडून यायचे, दिल्लीत मंत्री व्हायचे. तुरुंगापाशी काकांचा आवाज भरून यायचा. मयताच्या घरच्यांना वाटायचं, आपल्या माणसासाठी भरून आलाय. एकदा बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना, तेव्हा मागे कोणीतरी म्हणालं, ‘दामूकाकांनी खाली बसावं, एवढीच इच्छा राहिली असंल बिचाऱ्याची.’

हे भाईसाहेब देशभर नाव असलेले पुढारी. काकांशी त्यांचा संबंध एका शब्दाचा. तरुणपणी मुरबाडच्या सभेत माईक खाली झुकला होता, काकांनी धावत जाऊन तो सरळ केला आणि भाईसाहेब म्हणाले, ‘शाबास.’ तेवढ्यावर या माणसाने जन्म काढला. भाईसाहेबांनी पक्ष बदलले तसे काकांनीही बदलले. कोणी हसलं की म्हणायचे, ‘पाटी बदलली रे, तत्त्व तेच हाय.’ हे त्यांचं पालुपद. एसटी आली नाही आणि जीपला लोंबकळून कल्याण गाठावं लागलं, तरी तत्त्व तेच. हिराकाकींनी डाळीऐवजी नुसतं तिखट पाणी वाढलं, तरी तत्त्व तेच.

हिराकाकी म्हणजे त्यांची बायको. भाताची लावणी, नाचणीची राखण, गुरं, उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग, सगळं त्या बघायच्या. काका देश बघायचे. काकी फार बोलायच्या नाहीत. मी घरी गेलो की चहा ठेवायच्या आणि काकांचं भाषण घरातही सुरू झालं की माझ्याकडे बघून किंचित हसायच्या. त्या हसण्यात काय होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

यंदा त्या गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं. मुलाने, सुभाषने, त्यांना जीपमध्ये घातलं आणि कल्याणची वाट धरली. काका तेव्हा भातसानगरला कोणाच्या तरी दहाव्याला होते. सुभाषने जीपमधून फोन लावला. काका माईकवर होते, भाषण तुरुंगापर्यंत आलं होतं. त्यांनी खिशातल्या खिशात फोन बंद केला. भाषण संपवून लावला तेव्हा जीप परत फिरली होती.

सुभाष त्यानंतर बापाशी बोलला नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी शांत.

‘गुरुजी, उद्या बाबांना माईक देऊ नका.’

‘अरे, नवरा आहे तो तिचा.’

‘म्हणूनच सांगतो. आयुष्यभर आमच्या घरात तो भाईसाहेब जेवला. आईच्या दहाव्याला तरी आईचं नाव घेऊ द्या. नायतर मी उठून जाईन. परत गावात येणार नाय.’

तो तसं करणार हे मला दिसत होतं. काकांना आता घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी शब्द दिला.

दहाव्याला गर्दी झाली. प्रवचन झालं. मी एकेक नाव पुकारत होतो आणि दामूकाकांकडे बघणं टाळत होतो. सरपंच बोलले, ‘माउली मनमिळाऊ होती.’ माजी सरपंचही तेच बोलले. मी ‘आता दोन मिनिटं शांत उभं राहू’ म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात काका उठले आणि त्यांनी माझ्या हातून माईक घेतला. सुभाषही उठला.

‘कैलासवासी हिराबाई,’ काका म्हणाले, ‘यांचा जन्म एका गरीब...’

आणि थांबले. काकांनी समोर बसलेल्या काकींच्या भावाकडे, शंकरमामांकडे बघितलं.

‘शंकर, हिचा जन्म कधीचा रे?’ हे माईकवरच. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

मामा गोंधळले. ‘साल नाय ठाऊक, भावजी. भाताला कीड पडली होती त्या साली, असं आई बोलाची.’

‘शाळा?’

‘दुसरीपर्यंत. मंग मी झालो. मला सांभाळाला घरी बसवली तिला.’

‘लहानपणी काय करायची?’

‘पोहाची. तानसा धरणाच्या पाण्यात. मुंबईचं पाणी हाय म्हणून वॉचमन काठी घेऊन यायचा, तवा ही पार मधी निघून जायची. कोणाच्या हाती लागली नाय.’

‘पोहायची?’ काका म्हणाले. ‘मला कधी बोलली नाय.’

सुभाष उभाच होता, पण निघून गेला नाही. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कीड पडली त्या साली हिराबाई जन्माला आल्या. दुसरीपर्यंत शिकल्या. भावाला सांभाळलं. तानसाच्या पाण्यात पोहल्या. ‘मंग लगीन झालं,’ ते म्हणाले, आणि तिथे त्यांचं सगळं संपलं. बायकांच्या बाजूला बघून त्यांनी विचारलं, ‘पुढचं कोणाला ठाऊक हाय का? मी घरी नसायचो.’

आमच्याकडे दहाव्याला बायका माईकवर बोलत नाहीत. शेजारच्या पारूकाकी बसल्या जागेवरूनच बोलल्या, पदर तोंडाला लावून. ‘बोलू का? राग नाय ना येणार?’

‘नाय येणार. बोल गो.’

‘ती हसाची. बोलाची, पारू, बघ तू, माझ्या दहाव्याला पण भाईसाहेबच जन्माला येतील. माझी गोष्ट काय यांना ठाऊक नाय.’

कोणीतरी हसलं. काका माईक घेऊन चालत बायकांच्या बाजूला गेले, पारूकाकींच्या समोर वाळूत बसले आणि माईक त्यांच्यापुढे धरला.

‘बरोबर बोलली ती,’ काका म्हणाले. ‘अजून सांग.’