झीज की चूक

नीट केलेल्या कामाची नोंद कुठेही होत नाही, आणि ती होऊ नये यातच समाजाचे हित आहे. नीट झालेली कामे इतकी असतात, की त्यांची दखल घेत बसले तर उरलेली कामे करायची कोणी?

हे सत्य सदोष नाणी अभ्यास मंडळाने फार पूर्वी ओळखले. मंडळाचे सभासद दोनशे चौदा. पैकी टांकसाळ आतून पाहिलेले शून्य. (त्यामुळे चर्चेत माहितीचा अडथळा येत नसे.) नियमावलीप्रमाणे नाण्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला, निर्दोष: याच्याकडे पाहू नये. दुसरा, झीज: लाखो नाणी पाडून ठसा थकला, म्हणून आकडे पसरट आणि फुगीर उमटले. यालाही कोणी विचारत नाही, कारण थकणे ही काही विशेष गोष्ट नव्हे. तिसरा, चूक: कोणाचे तरी लक्ष नव्हते, नाणे जागचे हलले आणि त्यावर दुसरा ठोका पडला. याला मखमलीची डबी मिळते.

अशाच एका डबीतल्या नाण्यावरून मंडळात दोन तट पडले. सालाचा शेवटचा आकडा दुहेरी दिसत होता. झीज की चूक? उपसमितीच्या अकरा बैठका झाल्या, दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणे टाकले, आणि अखेर कोणाला तरी सुचले की नाणी पाडणाऱ्यालाच विचारावे. (सूचना बहुमताने, नाराजीने मंजूर.)

त्या सालची ही नाणी एकाच माणसाच्या देखरेखीखाली पडली होती. टांकसाळीतून निवृत्त झालेले ठसेतपासनीस. एकतीस वर्षे त्यांनी भिंग डोळ्याला लावून थकलेले ठसे उतरवले आणि वाकडी नाणी वेचून वितळवायला धाडली. आपल्या हातून एकही खोट बाहेर गेली नाही, हीच त्यांची आयुष्याची कमाई. ही गोष्ट ते फक्त जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर सांगत.

मंडळाचे पत्र वाचून त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले.

"अहो, झीज आहे म्हणून सांगा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "ठशाला काय तोंड आहे उलट बोलायला?"

"झीजच असणार. माझ्या हातून सुटेल होय?"

"तेच म्हणते मी. मग जेवा की."

ते जेवले नाहीत.

सभागृहात त्यांनी खिशातून स्वतःचे भिंग काढले. झिजलेल्या ठशाचा आकडा सुजल्यासारखा दिसतो. इथे दोन आकडे शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्याही कडा धारदार. पहिल्याच नजरेत कळले. आणखी तीनदा पाहिले ते निव्वळ स्वतःची समजूत घालायला. 'झीज' म्हटले असते तर खोडून काढण्याइतकी अक्कल त्या खोलीत कोणाकडेच नव्हती.

"चूक आहे," ते म्हणाले. "माझीच. माझं लक्ष नव्हतं."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली. मान वर करवेना.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी धावत येऊन त्यांना मिठी मारली. मानपत्र दोन्ही निकालांसाठी तयार होते, त्यातले योग्य ते वाचले गेले: "आपल्या अनमोल निष्काळजीपणाबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. उर्वरित सेवा सर्वसाधारण."

मग अध्यक्ष कानाशी लागले. "साहेब, आणखीही काही सुटली असतील ना? जरा आठवून बघा."

"नाही हो. एवढं एकच."

अध्यक्षांचा चेहरा पडला. माणूस होतकरू होता, पण वाया गेला, असे मागच्या रांगेत कोणीतरी हळहळले.

मानपत्र बायकोने कपाटावर उलटे ठेवले आहे, आणि त्या दिवसापासून जेवताना घरात फक्त भांड्यांचा आवाज येतो.

नाण्याचे साल वर कुठेच दिलेले नाही, हे तुमच्या केव्हाच लक्षात आले असेल. त्यांनी तपासून दिलेली बिनचूक नाणी आत्ताही तुमच्या खिशात असतील. त्यांतले एकही तुम्ही आजवर उलटून पाहिलेले नाही. साल सांगितले असते, तर हे शेवटचे वाक्य वाचायलाही तुम्ही थांबला नसता.