इंदूमावशी आणि दुसऱ्यांची नाकं

आमच्या माझगावच्या चाळीत पाहुणा आला की इंदूमावशी आधी त्याचं नाक बघते. नाव नंतर. "हे आत्याचं नाक. हनुवटी आईकडची!" निकाल देऊन मोकळी! माझ्या सासूबाईंना तर तिने भर मांडवात सांगितलं, "कान मामावर गेलेत हो तुमचे." तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे येताना पदर कानांवरून घेतात.

मावशी शाळेत आयाबाई होती. लग्न केलं नाही. धाकटी बहीण सुमन घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हा हीच कडाडली होती, "परत तोंड दाखवू नकोस!" सुमननं ते खरं केलं. त्यानंतर हे नाकांचं खूळ लागलं. आम्ही आपले खिदळायचो. बाई भर बाजारात बहिणीचं तोंड शोधतेय, हे कुणाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ!

गेल्या वर्षी बालगृहातून फोन आला. सुमन वारली होती, तिचे लेक-जावई त्याआधीच गेलेले. सात वर्षांची नात मनू तिथे होती, कुणाशी बोलत नव्हती. महिनाभर मावशीकडे ठेवू, मग कायमचं ठरवू, असं बालगृहाच्या मॅडम म्हणाल्या.

पोर आली ती मुक्यानेच. मावशीची टकळी मात्र सुरू. "पेजेत बोट बुडवून बघतेस? अगदी सुमी! आणि झोपताना कान धरतेस ते आमच्या बाबांचं हो."

दुसऱ्या आठवड्यात मनूनं एक जोरदार शिंक दिली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "ही कुणाची?"

"माझी गं बाई! चाळ हलते माझ्या शिंकेनं."

मग काय, दिवसभर प्रश्नच प्रश्न. गुडघे कुणाचे? हट्ट कुणाचा? हट्टाचं नाव निघताच मावशीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "आम्हा दोघी बहिणींचा," ती म्हणाली.

महिना भरला. मॅडम आल्या. मावशीनं त्यांच्या नाकाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"मनू, राहायचं का इथेच?" मॅडमनी विचारलं.

"माझं सगळं इथलंच आहे," मनू म्हणाली. "नाकपण."

मावशी भिंतीकडे तोंड करून उगाच शेगडी पुसायला लागली. मनूनं तिच्या हाताखालून वाकून वर बघितलं.

"आजी, रडताना तुझं नाक माझ्यासारखंच लाल होतं गं."