तीन सेंटिमीटरची हौस

इनागाकींनी बायको पसंत करायला वीस मिनिटं घेतली होती आणि टायर पसंत करायला सहा महिने. हा हिशोब सायोकोबाईंचा, म्हणजे त्या बायकोचाच.

"मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात," त्या जेवताना म्हणायच्या, "आणि ह्या रबराला अजून होकार देववत नाहीये!"

"अगं, इथे चूक झाली तर गाडीचा तोल जातो," इनागाकी टायरच्या पुस्तिकेतून मान वर न काढता म्हणायचे.

गाडी दिसायला साधी, चार दारांची, पण अंगात रग भारी. मार्चअखेर मुलगी चिहारू शिकायला हिरोशिमाला जाणार होती आणि नागोयाहून तिला ह्याच गाडीतून सोडायचं हे इनागाकींनी कधीच ठरवून टाकलं होतं. घरात त्यांना मुलीशी काय बोलावं ते सुचत नसे. हातात स्टीअरिंग असलं की सुचायचं. पाचशे किलोमीटरमध्ये अठरा वर्षांचं सगळं बोलून होईल, असा त्यांचा अंदाज होता. मग एवढी सफर करायचीच, तर गाडी रुबाबात निघायला नको? मूळच्यापेक्षा तीन सेंटिमीटर रुंद टायर, त्यांना शोभतील अशी मोठी चाकं, एवढीच काय ती हौस.

ती हौस सहा महिने पुरली. "बाबा, तिकडे न्यायला सायकल बघायला येता?" चिहारूने विचारलं की "पुढच्या रविवारी नक्की" हे उत्तर ठरलेलं. शेवटी ती आईबरोबर जाऊन घेऊन आली. इनागाकींना सायकलचा रंगसुद्धा माहीत नव्हता.

चाक मडगार्डच्या बाहेर आलं तर गाडी सरकारी तपासणीत नापास होते. म्हणून त्यांनी पाच येनच्या भोकाच्या नाण्याला दोरा बांधला, तो मडगार्डवरून सोडला आणि जमिनीवर गाल टेकवून बघितलं.

"दोन मिलिमीटर आत!" ते ओरडले. घरातून कुणी ओ दिली नाही.

ही चाकं बसली ती निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी. इमारतीचं पार्किंग यंत्राचं. लोखंडी ताटात गाडी उभी करायची, बटण दाबायचं, की ताट गाडीसकट खड्ड्यात उतरतं. इनागाकींनी गाडी ताटात घातली तेव्हा दोन्ही काठांवर कर्रर्र असा आवाज झाला.

"नवं रबर आहे, बोलणारच," ते कौतुकाने म्हणाले.

रविवारी सकाळी सामानसुमान घेऊन तिघं खाली आली. ताट अर्ध्यावर आलं आणि अडकलं. रुंद चाकांनी दाबून त्याचा काठ वाकवला होता. एक ताट अडकलं की सगळं यंत्र बंद, त्यामुळे आणखी नऊ घरांच्या गाड्याही आत कोंडल्या. कुणाला दवाखान्यात जायचं होतं, कुणाला बेसबॉलच्या सामन्याला. समोरच ठळक अक्षरांत पाटी होती : यापेक्षा रुंद चाकांची गाडी ठेवू नये. खाली नाव : पार्किंग व्यवस्थापक, इनागाकी. गेल्या वर्षी व्यवस्थापकाची पाळी त्यांची होती आणि पाटी त्यांनीच हौसेने नव्याने रंगवून घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सायोकोबाई कामाला लागल्या. चिहारूच्या नव्या शेजाऱ्यांसाठी घेतलेले मिठाईचे खोके त्यांनी काढले आणि दारोदार कमरेत वाकून वाटले. "आमच्या ह्यांच्यामुळे फार त्रास झाला हो." नऊ दारं झाली, खोके संपले.

तेवढ्यात मिझोगुची आले. त्यांची गाडी रुंद म्हणून इनागाकींनीच नियमावर बोट ठेवून तिला बाहेर काढलं होतं. तेव्हापासून बिचारे पंधरा मिनिटं चालत जाऊन दुसरीकडे गाडी लावत. आज अख्ख्या इमारतीत तेवढीच एक मोकळी होती.

मिझोगुचींनी आधी पाटी वाचली, मग चाकं बघितली. "इनागाकीसान, नियम म्हणजे नियम, नाही का?" एवढं बोलून ते सायोकोबाईंकडे वळले. "चला वहिनी, स्टेशनवर सोडतो."

"दहा चाळीसची मिळेल," सायोकोबाई म्हणाल्या.

इनागाकी खड्ड्यात होते. यंत्रासाठी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने त्यांना शिडीवरून खाली उतरवून गाडीत बसवलं होतं आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवायला सांगितलं होतं. तिथून त्यांना वर मुलीचे फक्त बूट दिसत होते.

"बाबा, येते हं!"

"अगं थांब, पाच मिनिटं!"

"साहेब, हात सोडू नका," दुरुस्तीवाला ओरडला. "चाक वळलं तर ताट कलंडेल!"

म्हणून त्यांना साधा हातसुद्धा हलवता आला नाही. अठरा वर्षांचं जे बोलायचं होतं, त्यातलं एकच वाक्य त्यांना त्या घाईत आठवलं.

"सायकल कुठल्या रंगाची घेतलीस गं?"

वर बूट नव्हते.

साडेअकराला गाडी ताटातून सुटली. दुरुस्तीवाल्याने हात पुसत चाकांभोवती एक चक्कर मारली. तोही शौकीन निघाला. "साहेब, काम मात्र झकास केलंय हं. रुंदी किती घेतलीत?"

सहा महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. इनागाकी तोंड उघडणार तोच फोन वाजला. चिहारूने फोटो पाठवला होता. बुलेट ट्रेनमधल्या ओळीने तीन जागा. खिडकीशी सायोकोबाई, ह्या टोकाला चिहारू, मध्ये कुणी नाही. खाली लिहिलं होतं : "बाबा, तुमची तयारी वेळेत होणार नाही, असं आईला वाटत होतं. म्हणून तिने तीन आठवड्यांपूर्वीच तिघांची तिकिटं काढून ठेवली होती. मधली जागा तुमची."

फोटोतली मोकळी जागा त्यांनी दोन बोटांनी मोठी करून बघितली. दुरुस्तीवाला अजून उत्तराची वाट बघत होता.

"जास्त घेतली," इनागाकी म्हणाले.